रेडियमवाला, मखरवाला आणि २०५४ सालची बार्सिलोना

रिक्षाच्या मागच्या काचेवर ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ लिहून देणाऱ्या रेडियमवाल्याकडे एक यंत्र असतं. दिसायला प्रिंटरसारखंच, पण आत शाई नसते. शाईच्या जागी बारीक पातं. कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवून झाली की चिकट कागदाचा रोल पुढे-मागे सरकायला लागतो, पातं डावी-उजवीकडे पळतं आणि वेलांटीपासून रफारापर्यंत सगळं कापून बाहेर येतं. मग दुकानदार चिमटा घेऊन नको असलेले तुकडे उचलत बसतो. ‘व’च्या पोटातला, ‘ड’च्या वळणातला. पूर्वी हेच काम तो ब्लेडने हातावर करायचा. आता हात फक्त शेवटाला लागतो.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, याच यंत्राला व्हायनल कटर म्हणतात आणि ‘फॅब लॅब’ नावाच्या जगभरच्या छोट्या डिजिटल कार्यशाळांच्या ठरलेल्या सामानाच्या यादीत ते असतं. तिथली मुलं त्यावर तांब्याची पातळ पट्टी कापून विजेचं सर्किट बनवतात. यादीतलं दुसरं यंत्र लेझर कटर. आपल्याकडे लग्नपत्रिकांचे, ट्रॉफ्यांचे, दारावरच्या नावाच्या पाट्यांचे कारखाने त्यावर चालतात. तिसरं सीएनसी राउटर. देवघराची जाळी, दाराच्या फळीवरचा गणपती, मॉड्युलर किचनचे दरवाजे आज जिथे होतात, तिथे हेच यंत्र घरघरत असतं. चौथा थ्रीडी प्रिंटर, तो दातांच्या दवाखान्यांना साचे पुरवणाऱ्या प्रयोगशाळांत जाऊन बसला आहे.

तेव्हा शहरात डिजिटल उत्पादन परत कसं आणायचं, यावर परदेशी परिषदांमध्ये जे बोललं जातं ते वाचताना मला सतत आपल्या गल्ल्या आठवतात. यंत्रं आली आहेत. कुठल्या धोरणाने आणली नाहीत, कुणी फीत कापली नाही. पोटापाण्यासाठी माणसांनी कर्ज काढून आणली. प्रश्न उरतो तो असा, की ही यंत्रं पाट्या आणि पत्रिकांच्या पुढे जाऊन शहराचं जगणं थोडं कमी उधळं करू शकतील का? आणि करायचं म्हटलं तर शहर त्यांना राहू देईल का?

मखराचं उदाहरण घेऊ, कारण त्यात यंत्राची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात. मार्च २०१८मध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आणली. थर्माकोल कोरणाऱ्या कारागिरांचा हंगाम त्या वर्षी बुडाला. त्यानंतरच्या काही गणेशोत्सवांत पुठ्ठ्याची आणि एमडीएफची लेझरने कापलेली मखरं बाजारात दिसू लागली. आज ती सर्रास मिळतात.

हे मखर कापणं वाटतं तितकं सोपं नाही. आठ बाय चारचा तीन मिलिमीटरचा तक्ता विकत आणला तरी तो नेमका तीन मिलिमीटर कधीच नसतो. कधी पावणेतीन, कधी सव्वातीन. जाणता माणूस आधी व्हर्नियर लावतो. कारण मखराचे भाग एकमेकांच्या खाचेत बसवायचे असतात, खिळा-डिंक काही नाही. लेझरचा झोत स्वतःच दहा-वीस शतांश मिलिमीटर जाडीची पट्टी जाळून टाकतो, त्यामुळे खाच तेवढी कमी काढावी लागते. ती मोजदाद चुकली तर कमान एक तर बसत नाही, नाही तर लटपटते. म्हणून आधी इंचभराचा नमुना कापून बघायचा, हाताने दाबून बघायचा, मग फाइलमधले आकडे बदलायचे. झोत डोळ्याला दिसत नाही. दिसते ती फक्त तक्त्यावरची छोटी ठिणगी आणि मागून उठणारा धूर. तो खेचून घेणारा पंखा बंद पडला तर खोलीत पाच मिनिटं उभं राहवत नाही. पीव्हीसीचा तुकडा या यंत्रात कुणी घालायला लागला तर शहाणा ऑपरेटर अंगावर धावून जातो. पीव्हीसी जळलं की क्लोरीनयुक्त वाफा निघतात, त्या यंत्राचे लोखंडी भाग गंजवतात आणि माणसाची फुप्फुसंही.

कापून झाल्यावर सगळं मखर चपट्या पेटीत मावतं. विसर्जनानंतर सोडवून माळ्यावर टाकायचं, पुढच्या वर्षी परत जोडायचं. हा थर्माकोलपेक्षा नक्कीच मोठा फायदा. पण त्यावर ‘शंभर टक्के पर्यावरणपूरक’ असं जे छापलेलं असतं, ते मला पटत नाही. एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुसा आणि फॉर्माल्डिहाइड असलेलं चिकटद्रव्य. ते ओल्या कचऱ्यात जात नाही, सुक्यात कुणाला नको असतं. यंत्र गल्लीत आलं म्हणून वस्तू हिरवी झाली नाही. तिचा कच्चा माल कुठून आला आणि तिचं शेवटी काय होणार, हे दोन प्रश्न जसेच्या तसे उरले.

या दोन प्रश्नांना एका शहराने जाहीरपणे हात घातला. जुलै २०१४मध्ये बार्सिलोनात जगभरच्या फॅब लॅबवाल्यांची दहावी परिषद भरली होती. त्या व्यासपीठावरून तेव्हाचे महापौर शाविएर त्रियास यांनी जाहीर केलं, की चाळीस वर्षांत हे शहर स्वतःला लागणाऱ्या जवळपास सगळ्या वस्तू स्वतः बनवू लागेल. मुदत २०५४. कल्पना त्याआधीची. २०११ साली पेरूतल्या लिमा शहरातल्या परिषदेत ती ‘फॅब सिटी’ या नावाने मांडली गेली होती. तोमास दियेझ हे मूळचे व्हेनेझुएलाचे शहररचनाकार तिचे मुख्य प्रवर्तक, आणि विसेंते ग्वायार्त हे त्यांच्यासारख्याच विचारांचे वास्तुरचनाकार तेव्हा बार्सिलोनाचे मुख्य वास्तुविशारद झालेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आजच्या शहरात एका बाजूने माल येतो, दुसऱ्या बाजूने कचरा बाहेर पडतो. त्याऐवजी शहरात फक्त माहिती यावी-जावी, म्हणजे आराखडे, फाइली, कृती. माल मात्र शहरातच फिरत राहावा. मोडकी खुर्ची वितळवून, कापून किंवा जोडून दुसरं काहीतरी होईल, पण शहराची वेस ओलांडणार नाही.

या घोषणेवर पुढे ॲम्स्टरडॅम, पॅरिस, डेट्रॉइट, हॅम्बर्ग, शेन्झेन अशा शहरांनी, भूतानसारख्या देशाने आणि आपल्या केरळ राज्यानेही सह्या केल्या. सही करायला काही लागत नाही, असं कुणी म्हणेल. खरं आहे. २०५४चं उद्दिष्ट आज कुठल्याही शहराच्या दृष्टिपथात नाही. बार्सिलोनात वापरला जाणारा मोबाइल, त्यातली चिप, थ्रीडी प्रिंटरची मोटर, त्यात घालायची प्लास्टिकची तार, सगळं बाहेरूनच येतं. तरीही मला ही घोषणा फोल वाटत नाही, कारण ती खरी करायला गेल्यावर बार्सिलोनाचं जे झालं, त्यातून शिकण्यासारखं खूप आहे.

घोषणेच्या वर्षभर आधी, २०१३ साली, महापालिकेने वॉर्डावॉर्डात सार्वजनिक फॅब लॅब उघडायला सुरुवात केली होती. वाचनालय जसं पालिकेचं, तशीच ही कार्यशाळाही पालिकेची. नाव ठेवलं ‘आतेनेउ’. कॅटलोनियात कामगारांनी चालवलेली वाचन-मंडळं, रात्रशाळा, नाटकांच्या खोल्या याच नावाने ओळखल्या जात. पहिलं केंद्र लेस कोर्त्स या खात्यापित्या भागात निघालं. तिथे काही अडचण आली नाही. दुसरं निघालं सिउतात मेरिदियानात.

सिउतात मेरिदियाना म्हणजे शहराच्या उत्तर टोकाला, डोंगराच्या अंगावर, साठच्या दशकात घाईघाईत उभ्या केलेल्या इमारती. ही जागा आधी दफनभूमीसाठी पाहिली होती, पण जमिनीत ओल फार म्हणून सोडून दिली आणि मग तिथे माणसांची घरं बांधली, असं या वस्तीबद्दल नेहमी सांगतात. २००८नंतरच्या मंदीत स्पेनमध्ये गृहकर्जं थकली आणि लोकांना घराबाहेर काढणं सुरू झालं, तेव्हा सगळ्यात जास्त घरं इथेच रिकामी करवली गेली. वर्तमानपत्रांनी वस्तीला ‘जप्तीनगर’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं. पालिकेने फॅब लॅबसाठी जी इमारत निवडली, तिथून रहिवाशांची संघटना गरजू कुटुंबांना धान्य वाटत होती. तिथे लेझर कटर येणार म्हटल्यावर लोकांनी इमारतच ताब्यात घेतली. आम्हाला खायला द्या, यंत्रं नंतर बघू, असा एकूण सूर.

या प्रसंगाची टिंगल करणं सोपं आहे. एका बाजूने तंत्रज्ञानाने भारावलेल्या साहेबांची, दुसऱ्या बाजूने अडाणी लोकांची. दोन्ही बाजूंवर तो अन्याय होईल. लोकांचा थ्रीडी प्रिंटरला विरोध नव्हता. आपल्याला काय हवं आहे हे कुणी विचारलं नाही, याचा तो राग होता. वाटाघाटी झाल्या. धान्यवाटपाला दुसरी जागा मिळाली आणि केंद्रात वस्तीतल्या तरुणांना प्रशिक्षण आणि काम मिळेल अशी अट पालिकेने मान्य केली. केंद्र सुरू झालं.

आता याच्या शेजारी त्याच शहरातला दुसरा प्रसंग ठेवून बघा. ग्रासिया भागात प्लासा देल सोल नावाचा छोटा चौक आहे. पायऱ्या, बार, मोकळी जागा. रात्री तरुणांचे अड्डे जमतात आणि आजूबाजूच्या घरांत झोप लागत नाही. पालिकेकडे तक्रारी वर्षानुवर्षं पडून. फॅब लॅब बार्सिलोनात आवाज, तापमान, आर्द्रता मोजणारं एक स्वस्त उपकरण तयार झालं होतं, लोकवर्गणीतून पैसे उभे करून. २०१७च्या सुमारास चौकाभोवतीच्या रहिवाशांनी ही उपकरणं आपापल्या बाल्कनीत लावली, आकडे गोळा केले आणि मग पालिकेच्या अधिकाऱ्यांना, शेजाऱ्यांना चौकातच बोलावून ते मांडले. आवाज जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या वर जात होता. पुढे पायऱ्यांवर बसायला जागा राहू नये म्हणून झाडांच्या कुंड्या आल्या, सफाईच्या आणि पोलिसांच्या गस्तीच्या वेळा बदलल्या. क्रांती वगैरे काही नाही. पण इथे उपकरण त्रासाच्या मागून आलं आणि म्हणून कामाला लागलं.

गरज आधी की यंत्र आधी, हा वाद पुण्याजवळच्या पाबळ गावात कधीच मिटला होता. मराठी वाचकाने हे अभिमानाने नाही, तर हिशेब म्हणून लक्षात ठेवावं.

शिरूर तालुक्यातलं पाबळ हे अवर्षणग्रस्त पट्ट्यातलं गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञ, अमेरिकेत पीएच.डी. केलेले, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या पदावर असलेले. ते सगळं सोडून १९८३ साली ते इथे आले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली मुलं त्यांनी घेतली. वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम. वेल्डिंग-सुतारकाम-बांधकाम, वीज आणि ऊर्जा, शेती-पशुपालन, अन्न आणि आरोग्य. मुलांनी खऱ्या वस्तू बनवायच्या, त्या गावात विकायच्या, गिऱ्हाइकाने पैसे द्यायचे. फुकट वाटलेली वस्तू चांगली की वाईट हे कळत नाही, विकलेल्या वस्तूबद्दल लोक तोंडावर सांगतात. हे मी कलबागांच्या कामावरून काढलेलं अनुमान आहे, त्यांचं वाक्य नव्हे. जीपचे भंगारातले भाग जोडून केलेला छोटा ट्रॅक्टर आणि लोखंडी त्रिकोणांतून उभा राहणारा, भूकंपातही टिकणारा ‘पाबळ डोम’ ही तिथली दोन गाजलेली कामं.

एमआयटीचे नील गेर्शेनफेल्ड १९९८पासून ‘(जवळपास) काहीही कसं बनवायचं’ अशा नावाचा वर्ग घेत होते. २००१मध्ये त्यांचं ‘सेंटर फॉर बिट्स अँड ॲटम्स’ सुरू झालं आणि सरकारी अनुदानाची अट म्हणून समाजात जाऊन काहीतरी करणं आलं. त्यातून विद्यापीठाबाहेर छोट्या कार्यशाळा काढायची कल्पना निघाली. अगदी पहिल्यांमधली एक २००२ साली पाबळमध्ये उभी राहिली. आज जगात दोन हजारांहून अधिक फॅब लॅब आहेत. सुरुवातीला पाबळचे प्रश्न काय होते? दुधाची प्रत कशी तपासायची, आणि डिझेल इंजिन कमी इंधनात नीट कसं चालवायचं. यंत्र आलं तेव्हा त्याला करायला काम तयार होतं. आणि काम शिकवणारी माणसंही वीस वर्षं तिथे राहत होती. कलबाग २००३मध्ये गेले, संस्था चालू राहिली. २००९ साली जागतिक फॅब लॅब परिषद पुण्यात भरली, त्यामागे हा धागा होता.

पुण्यात परिषद झाली, पण पुण्याने काय घेतलं? मुंबईने, नागपूरने काय घेतलं? अटल टिंकरिंग लॅब योजनेतून २०१६पासून देशातल्या दहा हजार शाळांना प्रत्येकी वीस लाखांपर्यंत अनुदान आणि थ्रीडी प्रिंटर मिळाले. काही शाळांनी त्यांचं सोनं केलं. एका शाळेत मात्र मी तो प्रिंटर भरजरी कापडाखाली झाकलेला पाहिला, पाहुणे आले की कापड निघतं. त्या शाळेतल्या बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. नोझल तुंबलं की काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि शिकवणारा माणूस अनुदानाच्या यादीत नव्हता.

अर्थकारणाबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण या विषयावरच्या उत्साही लेखनात तेच झाकलं जातं. प्लास्टिकची बादली इंजेक्शन मोल्डिंगच्या यंत्रात काही सेकंदांत होते. तिचा पोलादी साचा करायला लाखो रुपये लागतात, पण तो लाखो बादल्यांवर विभागला जातो. तीच बादली थ्रीडी प्रिंटरवर करायला दिवस जाईल, वीज जाईल आणि शेवटी ती गळेल. म्हणून गल्लीतल्या यंत्राने बादली, बॉलपेन, बाटलीचं झाकण यांच्या नादी लागू नये. त्याचं राज्य दुसरीकडे आहे. एकच हवी असलेली वस्तू. पाच-पन्नास नग. एकाच माणसाच्या मापाची पट्टी, बूट, आधार. आणि सगळ्यात मोठं क्षेत्र म्हणजे सुटे भाग. जुन्या वॉशिंग मशिनची खुंटी, बंद पडलेल्या कंपनीच्या पंख्याच्या रेग्युलेटरचं बटण, एखाद्या यंत्रातलं दाते तुटलेलं छोटं चक्र. यातला एखादा पन्नास रुपयांचा तुकडा मिळत नाही म्हणून आपण पंधरा हजारांची वस्तू भंगारात घालतो. केंद्र सरकारने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पोर्टल काढलं, युरोपीय संघाने २०२४मध्ये कायदाच केला. कंपनीने सुट्या भागाची फाइल दिली तर रेडियमवाल्याच्या शेजारचा पोरगा तो भाग संध्याकाळपर्यंत काढून देऊ शकतो.

अर्थात त्यालाही काय कशाचं करावं हे कळायला हवं. थ्रीडी प्रिंटिंगला सर्रास वापरलं जाणारं पीएलए प्लास्टिक साधारण साठ अंशांना मऊ पडतं. मे महिन्यात सोलापुरात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्याचा मोबाइल-स्टँड ठेवून बघा, दुपारी त्याची मान लवलेली असेल. गरम होणाऱ्या भागाला दुसरं प्लास्टिक लागतं, भार पडणाऱ्या भागाचे थर कुठल्या दिशेने टाकायचे हे ठरवावं लागतं. हे ज्ञान यंत्राबरोबर खोक्यातून येत नाही.

एकदा मात्र या विखुरलेल्या यंत्रांनी मोठ्या कारखान्याचं काम केलं, आणि त्याचं एक टोक मुंबईत होतं. मेकर्स असायलम ही वैभव छाब्रा यांनी २०१३मध्ये मुंबईत सुरू केलेली सामायिक कार्यशाळा. २०२०च्या टाळेबंदीत डॉक्टरांना चेहरा झाकणाऱ्या ढाली मिळेनात, तेव्हा या मंडळींनी लेझरवर कापता येईल असा साधा आराखडा केला आणि फाइल सगळ्यांना खुली केली. मालट्रक राज्यांच्या सीमांवर अडकलेले असताना फाइल कुठेच अडली नाही. ४९ दिवसांत, देशभरच्या ४२ शहरांत आणि गावांत मिळून दहा लाख ढाली कापल्या गेल्या. माहिती फिरावी आणि माल जागेवर व्हावा, हे बार्सिलोनाचं सूत्र इथे कुठल्याही घोषणेशिवाय प्रत्यक्षात आलं. मोठे कारखाने सुरू झाल्यावर ते काम थांबलं, आणि थांबायलाच हवं होतं. साच्यातून निघणारी ढाल स्वस्त पडते. आणीबाणीत उपयोगी पडलेली रचना रोजच्या धंद्यात तशीच टिकेल असं मानू नये. पण ती रचना मोडून टाकली तर पुढच्या आणीबाणीत ती उभी करता येणार नाही, हेही तितकंच खरं. ही कार्यशाळा पुढे मुंबईतून गोव्यातल्या मोयरा गावी गेली.

कार्यशाळा मुंबईतून गोव्याला जाते, ही बातमी एकटीची नाही. मुंबईतून काय काय गेलं ते आठवा. कावसजी दावरांनी १८५४ साली ताडदेवला पहिल्या गिरणीचा घाट घातला. पुढे परळ-लालबाग-डिलाइल रोड हे सगळं गिरणगाव झालं. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले अनेक परत गेलेच नाहीत. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, ते मी परत लिहीत नाही. मला इथे जमिनीचा नियम तेवढा आठवायचा आहे. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ने गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरवले: एक मोकळ्या जागांना, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची, बांधकामाखालची वगळून, असं ठरलं. शहराच्या पदरात पडायची जमीन मूठभर राहिली. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. फिनिक्सचा मॉल झाला, बाकीच्यांचे मनोरे.

तीन वाट्यांच्या त्या मूळ सूत्रातही एक गोष्ट नव्हती, आणि ती तेव्हा फारशी कुणाला खटकली नाही. घरं होती, बागा होत्या, पण काम करायला जागा नव्हती. गिरणीतला फिटर, टर्नर, बॉयलर सांभाळणारा, हे हातांचं मोठं विद्यापीठ होतं आणि त्याला एक गाळाही राखून ठेवला गेला नाही. गिरण्यांच्या आधाराने वाढलेल्या इंडस्ट्रियल इस्टेटींतले गाळेही पुढे जाहिरात संस्था, कॉल सेंटर आणि बारना गेले. भाडं असं, की लेथ लावणाऱ्याला परवडूच नये.

बार्सिलोनातही काही फार वेगळं झालं असं समजू नका. तिथलं पोब्लेनोउ म्हणजे ‘कॅटलोनियाचं मँचेस्टर’, कापडगिरण्यांचं उपनगर. २००० साली पालिकेने तिथल्या सुमारे दोनशे हेक्टरांचा वापर बदलला, धुरांड्यांच्या जागी ‘ज्ञानाधारित’ उद्योग. योजनेचं नाव ‘२२@’. काच-पोलादाच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या, आणि कान रिकार्तसारख्या जुन्या कारखान्याच्या आवारातले छोटे कारागीर बाहेर पडले. लोकांनी त्याविरुद्ध आंदोलनं केली. फॅब लॅब बार्सिलोना आज याच भागातल्या जुन्या कारखान्यात आहे, ‘शहरात उत्पादन परत आणा’ असं सांगत. म्हणजे एकाच शहराने एका हाताने कार्यशाळा बाहेर काढल्या आणि दुसऱ्या हाताने कार्यशाळांचं भविष्य जाहीर केलं. फरक एवढाच की तिथे दुसरा हात निदान आहे.

आपल्याकडे हा प्रश्न आत्ता धारावीत उभा आहे. तेरा कंपाउंडमध्ये शहरभरचं प्लास्टिक येतं. माणसं ते हाताने निवडतात. तुकडा वाकवून, टिचकी मारून, जाळून त्याच्या वासावरून कुठलं प्लास्टिक आहे ते ओळखतात. मग दळायचं, धुवायचं, पत्र्यावर वाळवायचं आणि वितळवून दाणा करायचा. तो दाणा परत कारखान्यात. फॅब सिटीवाले ज्याला वर्तुळ म्हणतात त्याचा अवघड अर्धा भाग हाच, आणि तो युरोपातल्या कुठल्याही शहरापेक्षा धारावीला जास्त येतो. बहुतेक वस्तूंच्या कार्बनखर्चात वाहतुकीपेक्षा कच्चा माल बनवण्याचा वाटा मोठा असतो. म्हणून गल्लीत प्रिंटर आला आणि त्याची तार परदेशातून आली, तर निसर्गाचं फारसं काही वाचत नाही. तार जर धारावीच्या दाण्याची झाली तर वाचतं. तिथल्या कामाची स्थिती चांगली आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. धूर, कोंदट खोल्या, हातमोज्यांशिवाय काम, हे सगळं बदलायलाच हवं. पण पुनर्विकासाचं काम २०२२च्या निविदेनंतर अदानी समूहाकडे गेलं आहे, आणि त्या आराखड्याला मी एकच प्रश्न विचारेन: दाणा कुठे होणार? शहराबाहेर गेला तर भंगार शहराबाहेर जाईल, आणि मग शहरात राहील ती फक्त कचऱ्याची गाडी.

दुरुस्ती, सुटे भाग, दाणा, मखर, मापाची पट्टी, यातलं काहीच मोठ्या घोषणेचं काम नाही. प्रत्येक वॉर्डात हजार-दोन हजार चौरस फूट, धूर खेचणारा पंखा, थ्री-फेज वीज आणि पगारावर ठेवलेला एक जाणता मिस्त्री लागतो. यंत्रं त्यामानाने स्वस्त झाली आहेत. महाग आहे ती जागा, आणि दुर्मीळ आहे तो मिस्त्री. कोल्हापूरचं उद्यमनगर शहराच्या पोटात असल्यामुळे तिथे ही दोन्ही अजून सापडतात. पुण्या-मुंबईत ती दर वर्षी थोडी आणखी लांब जातात.

आपल्या विकास नियंत्रण नियमांत ‘सेवा उद्योग’ नावाचा प्रकार आहे. किती कामगार, किती अश्वशक्ती, या मर्यादा पाळून तो निवासी भागातही चालवता येतो. म्हणजे कायद्याने दार पुरतं बंद केलेलं नाही, भाड्याने केलं आहे. त्यावर पालिकेकडे एक साधन आहे: विकास आराखड्यातलं आरक्षण. शाळा, मंडई, दवाखाना यांच्यासाठी जमीन राखता येते, तशी सार्वजनिक कार्यशाळेसाठीही मागता येते. तुमच्या शहराचा आराखडा प्रसिद्ध झाला की नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या जातात. मुदत छोटी असते, जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर असते. ती शोधा, आणि आपल्या वॉर्डात काम करायला जागा कुठे ठेवली आहे असं लेखी विचारा.